कोऱ्या तबकड्या

सोल्याला फ्रिज दुरुस्तीला बोलावणारे लोक काम होईपर्यंत त्याला कसंबसं सहन करत आणि तो गेला की खिडकी उघडत. घरात शिरला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "हे आधी कुणी उघडलं होतं?" कुणीही उघडलेलं नसलं तरी घरातली माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागत. काही माणसं नाकावर माशी बसू देत नाहीत. सोल्या माशी येण्याची वाटही बघत नसे.

त्याचं खरं काम वेगळंच होतं, निदान तो तसं मानायचा. घराच्या मागच्या खोलीत तो बीट बनवायचा, म्हणजे रॅप करणाऱ्या पोरांना ज्यावर शब्द बसवता येतील असं संगीत. जुन्या तबकड्या ऐकायच्या, एकीतून दोन क्षणांचा आवाज उचलायचा, दुसरीतून ढोलाचा ठोका, तिसरीतून आणखी काही, आणि हे तुकडे असे सांधायचे की ते जन्मापासून एकत्रच होते असं वाटावं. या तुकड्यांना ही मंडळी सॅम्पल म्हणतात. बाकीचे गाण्याचा मुखडा उचलतात, कारण तो सगळ्यांना आवडलेला असतो. सोल्या मुखडा आला की सुई उचलून पुढे ठेवायचा. त्याला हवी असायची कडव्यानंतरची जागा, जिथे गायिका दम घेते आणि मागे एकच वाद्य एकटं पडतं. त्याचा कान चांगला होता, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होतं, आणि शत्रूंची त्याला कमी नव्हती.

त्यातला पहिल्या नंबरचा शत्रू म्हणजे त्याचा मेव्हणा, भोंगा. बायकोचा हा धाकटा भाऊ पूर्वी याच खोलीत बसून सोल्याच्या बीटवर रॅप करायचा. आवाज असा की शेजारी भिंतीवर थापा मारत. दोघं मिळून भंगारवाल्याकडे तबकड्या शोधायला जायचे. मग एकदा भोंग्याने गप्पांच्या भरात कुणाला तरी सांगून टाकलं की दाजींनी नव्या बीटमधला कर्णा अमुक बँडच्या तबकडीवरून घेतलाय. ऐकणाऱ्याने तीच तबकडी मिळवली, तोच कर्णा घेतला, खाली दणदणीत ढोल लावले आणि गाजला. सोल्याचा बीट त्यानंतर आला, आणि नक्कल म्हणून हिणवला गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

आणि त्या दिवसापासून सोल्या तबकड्यांची लेबलं सोलू लागला. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, तबकडी मधोमध भिजेल अशी उभी धरायची, आणि कागद सुटला की अंगठ्याने खरवडून काढायचा. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, वाजवणाऱ्यांची नावं, सगळं लगदा होऊन मोरीत जायचं. मोरी तुंबली की बायको काठी घालून ती साफ करायची आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. पाकिटं तो रद्दीत द्यायचा. अशा कोऱ्या तबकड्या एका बंद पडलेल्या फ्रिजमध्ये उभ्या लावलेल्या असत. फ्रिजला कुलूप होतं. त्याचं 'सोल्या' हे नाव याच उद्योगावरून पडलं.

इतकं करून एकदा त्याच्या हातून खरंच अप्रतिम काहीतरी झालं. एका बाईचा आवाज होता, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं, आणि शेवटी किंचित चिरकलेला सूर. तो त्याने थोडा जलद केला आणि त्याखाली दुसऱ्या तबकडीवरचा एक कर्णा घातला. दोघांचे सूर जुळेनात, म्हणून त्याने कर्णा मंद केला. मंद केल्यावर सूर उतरला पण चाल ओढू लागली, म्हणून त्याचे तुकडे करून एकेक तुकडा बीट बनवायच्या यंत्राच्या पॅडवर बोटाने वाजवला. ऐकताना बायको दारात येऊन उभी राहिली आणि काहीही न बोलता परत गेली. त्या घरात याला कौतुक म्हणतात.

गाणी काढणाऱ्या एका कंपनीला तो बीट हवा होता. बनवणारा म्हणून सोल्याचं नाव छापून येणार होतं, जे आजवर कधीच आलं नव्हतं. कंपनीचा माणूस फोनवर गोड बोलला आणि शेवटी म्हणाला, "फक्त ती बाई कोण ते कळवा, तिची परवानगी लागेल."

सोल्याने फ्रिज उघडला. समोर सगळ्या तबकड्या एकसारख्या काळ्या, मधे पांढऱ्या. तुकडा कुठल्या तबकडीवरचा ते त्याला कळत होतं, बाई कोण ते नाही. मधल्या वर्तुळाच्या कडेला कोरलेला नंबर होता, पण ती तबकडी काढणारी कंपनी कधीच बुडालेली. मोबाईलला ऐकवून बघितलं तर मोबाईलनेही हात वर केले. ही तबकडी घेताना शेजारी कोण उभं होतं हे त्याला चांगलं आठवत होतं, आणि ते आठवून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

भोंगा चपला-बुटांच्या दुकानात होता. सोल्या नाक मुठीत धरून तिथे गेला. मेव्हणा एका गिऱ्हाईकाच्या पायाशी बसून बूट चढवत होता. त्याने मान वर केली नाही.

"ती गुणगुणणारी बाई," सोल्या म्हणाला. "भंगारवाल्याकडची. कोण ती?"

"कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

"तुम्ही कोण? आमची ओळख नाही." भोंग्याने गिऱ्हाईकाला विचारलं, "पुढे टोचतंय का, साहेब?" मग नाडी बांधता बांधता, जमिनीकडे बघत म्हणाला, "बेकरीच्या वर राहते. भंगारवाला तेव्हाच सांगत होता, तुम्ही तबकडीच्या ओरखड्यांवरून त्याच्याशी भांडत होता. जा. फुकट सांगितलं. तुमच्याकडून मला काही घ्यायचं नाही."

एखादी शिवी चालली असती. हे फुकटचं सोल्याच्या घशाखाली उतरेना.

बेकरीच्या वरच्या जिन्याला भाजल्याचा वास होता. दार उघडणारी म्हातारी उंच होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. ती शिवणकाम करायची, खोलीभर गणवेश पडलेले होते.

"आजी, जरा काम होतं."

"तुझी आजी मी कधी झाले?"

सोल्या 'बाई' वर आला. त्याने छोटा स्पीकर मशीनवर ठेवून बीट लावला. म्हातारी उभ्यानेच ऐकत राहिली. मग एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"मला वर चढवलंस."

"गती वाढवली की सूर चढतो."

"आणि हा कर्णा शेवटी खाली पडतोय."

"मुद्दाम ठेवलाय. पुरता बसवला की मरतो."

तिने पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकून ती म्हणाली, "खरंय." सोल्या जिंकल्यासारखा खुर्चीत बसला. त्याला कुणी बस म्हटलेलं नव्हतं.

"जिथे माझा आवाज फाटलाय नेमकं तेच घेतलंस," ती म्हणाली. "ते परत गाऊ द्या म्हणून मी त्या लोकांना विनवलं होतं. नाही दिलं. तबकडी आणलीयस?"

त्याने पिशवीतून काढून दिली. तिने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि मधल्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी. सगळ्यांचीच काढतो. नाहीतर लोक चोरतात."

"काय चोरतात?"

"कुठून घेतलं ते."

"आणि तू घेतलंस ते?"

सोल्याने तबकडीसाठी हात पुढे केला. म्हातारीने तबकडी परत दिली नाही, गणवेशांच्या ढिगावर ठेवली.

"परवानगी देते. पण त्यावर नाव माझं एकटीचं. तुझं कुठेही नको."

"बीट मी बनवलाय."

"मग मला काढून बनव."

सोल्या इतक्या जोरात दार ओढून गेला की खाली बेकरीवाला वर बघायला लागला. घरी येऊन त्याने फ्रिजमधल्या निम्म्या तबकड्या जमिनीवर पसरल्या आणि दुसरी बाई शोधू लागला. एकीचा आवाज गुळगुळीत, एकीचा नाकातला. एकीचा सूर जुळला, पण कर्ण्याशेजारी ती पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी वाटायला लागली. बरेच दिवस हेच चाललं. बायकोने मोरीकडे बोट दाखवून विचारलं, "आता कुणाला धुताय?" यावर दोघांचं भांडण झालं आणि जेवणं अबोल झाली.

शेवटी त्याने म्हातारीचा आवाज जिथे होता तिथे परत आणला आणि बीट ऐकला. जिवाला लागेल असं त्याच्या आयुष्यात हे एकच झालं होतं. आपल्या नावाशिवाय ते बाहेर जाईल, नाहीतर फ्रिजमध्ये राहील. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि त्या रागातच त्याने कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"बाई मिळाली. तयार आहे. तिचं नाव घाला, माझं नको."

"अरे, असं का? बरं, तुमची मर्जी. सांगा, लिहून घेतो. नाव काय बाईंचं?"

सोल्याने तोंड उघडलं. पलीकडचा माणूस दोनदा हॅलो म्हणाला.

तो पुन्हा बेकरीच्या वर गेला. या वेळी दार साखळीपुरतंच उघडलं. फटीतून म्हातारीचा एक डोळा दिसत होता.

"तुमची अट मान्य आहे," सोल्या म्हणाला. घसा खाकरून त्याने विचारलं, "तेवढं नाव काय तुमचं?"



"छापलेलं होतं," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.