परसातलं पिवळं पाणी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका खूप होतील, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर शाळा सुटली. तोंडाने बोलायला मी भिते, म्हणून लिहिते.

राहात्याजवळच्या सोसायटीत आमचं रो-हाऊस आहे, गल्लीतलं शेवटचं, उताराला. तिथला नियम असा, की परसाचा उतार कुणी बदलायचा नाही आणि सामाईक भिंतीला हात लावायचा नाही. काही करायचं तर आधी कमिटीला विचारायचं.

शेजारच्या घरी ताई राहतात. त्या कमिटीवर आहेत. रविवारी चर्चमध्ये आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो. त्यांनी परसात कोबा केला आणि त्यानंतर आमच्या परसात पाणी साचायला लागलं. शेवग्याची मुळं कुजली. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली, हात लावला की गिलावा गळायचा. घर अजून बँकेचं होतं आणि भिंत डोळ्यांदेखत चालली होती.

आमचे हे म्हणाले, मीटिंगमध्ये सांग. यांची गाडीवर ड्युटी असते. मी ताईंना म्हटलं, "माझ्या वतीनं तुमीच बोला."

"तू कशाला घाबरतीस? मी हाय ना," त्या म्हणाल्या.

मीटिंगमध्ये मी मागे, दाराशी बसले. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "यांनी भाजीसाठी माती टाकलीय, त्यानं उतार बिघडला. पाणी त्यांचंच हाय."

सगळे माझ्याकडे वळले. चेअरमननी विचारलं, "बरोबर आहे का, बाई?" माती मी टाकली होती, पण चार पाट्या, मेथीपुरती. एवढंच सांगायचं होतं. मी पदराचं टोक पिळत बसले. त्यांनी तो होकार धरला. शोषखड्डा आमच्या खर्चाने करायचा ठरलं.

बाहेर आल्यावर ताईंनी माझा हात धरला. "अगं, आपणहून कबूल केलं की दंड बसत नाही, म्हणून तसं बोलले." मला ते पटलं. मी त्यांचे आभार मानले. हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

बचत गटातून पैसे उचलून खड्डा केला. विटांचे तुकडे, वाळू, सगळं नीट भरलं. तरी तो सदा भरलेलाच.

पुढे ताईंच्या मुलीचं लग्न निघालं. हळद मीच वाटली होती. कोब्यावर पाट मांडून बायकांनी नवरीला न्हाऊ घातलं, घागरींवर घागरी ओतल्या. मोठं पातेलं आणायला मी घरी आले आणि परसात थबकले. धुण्याच्या दगडामागून, सामाईक भिंतीच्या बुडातून पिवळं पाणी येत होतं आणि सरळ माझ्या खड्ड्यात पडत होतं. वासही हळदीचाच.

बोलायचं धाडस नव्हतं. मी परत गेले, चेअरमनच्या बायकोचा हात धरला आणि तिला घेऊन आले. ती आधी हसली. "अगं, तुझ्या खड्ड्याचं बी लगीन हाय का काय?" मग तिने वाकून दगडामागे पाहिलं. तिथे पाईप होता, सिमेंटने पक्का बसवलेला.

लग्नघर होतं, म्हणून वऱ्हाड जाईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही. मी जेवणं वाढली, ताईंच्या पाहुण्यांना पाणी दिलं.

नंतर कमिटी पाहायला आली. ताई म्हणाल्या, "गवंड्यानं केलं असंल, मला काय ठावं."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ताई, मीटिंगमध्ये उठला तवा तुमाला ठावं हुतं."

त्यांनी मान फिरवली. मला वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. खोटं का होईना.

कमिटीने पाईप बंद करायला लावला. ताईंनी आपलं पाणी घरापुढच्या गटारात काढायचं आणि आमच्या खड्ड्याचा खर्च भरून द्यायचा, असं ठरलं. भिंत हळूहळू वाळली. पैसे थोडे थोडे यायचे, कधी त्यांच्या मालकांच्या हाती, कधी मोलकरणीच्या. चर्चमध्ये मी आता दुसऱ्या बाजूला बसते.

शेवटचे पैसे घेऊन त्या स्वतः आल्या. मी चहा ठेवला. त्या उभ्यानेच प्यायल्या.

"सगळे फिटले ना?"

"व्हय ताई," मी म्हटलं, "सगळे फिटले."