बसू ‘येतो’ म्हणाला आणि बँड फुटला

हसणार नाही असं आधी कबूल करा, म्हणजे मी आमचा चांगला चाललेला बँड एका क्रियापदावरून कसा फोडला ते सांगतो. हो, क्रियापदावरून! लोकांचे बँड पैशावरून फुटतात, प्रेमप्रकरणांवरून फुटतात. आमचा व्याकरणावरून फुटला.

बँडचं नाव ‘सिग्नल सुटला’. मी मंदार, मूळचा पुण्याचा, नोकरीला बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरला. गाणी लिहायचो आणि गायचो. बास गिटारवर सायली, नागपूरची. आणि ड्रमवर बसू, म्हणजे बसवराज, निपाणीचा. घरात मराठी, दारात कन्नड आणि ड्रमवर बसला की दोन्हीतल्या शिव्या. बेंगळुरूत मराठी रॉक ऐकणार कोण, असं सगळे म्हणायचे. पण हळूहळू लोक यायला लागले, शब्द पाठ म्हणायला लागले. हेब्बाळच्या एका कॅफेत तर खुर्च्या कमी पडल्या, मालकाने शेजारच्या सलूनमधून आणल्या! तेव्हापासून मी घरातही गॉगल घालायला लागलो. यावरून काय ते समजा.

मग आला तो रविवार. शिवाजीनगरला, पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या, एका वेल्डिंगच्या वर्कशॉपवर आमची तालमीची खोली होती. माझं नवीन गाणं बसू भलतंच जलद वाजवत होता. मी म्हटलं, हळू घे, दुःखाचं आहे. तो म्हणाला, माणसं दिवसभर ट्रॅफिकमध्ये हळूहळू सरकत येतात, त्यांना गाण्यात तरी जरा पळू दे की. झालं! मी त्याच्या तालाची अक्कल काढली, त्याने माझ्या गॉगलची काढली. शेवटी दोघेही फुरंगटून बसलो.

थोड्या वेळाने बसूने काठ्या खाली ठेवल्या, उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “येतो मी.”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? मी चुकून म्हटलं तर आई मला दारातून परत बोलावते. चांगल्या घरचा मराठी माणूस कायमचा निघाला तरी ‘येतो’च म्हणणार ना? त्यात हा काठ्या ठेवून गेलेला. माझ्या डोळ्यांसमोर त्याने संन्यास घेतला हो!

सायली म्हणाली, “असा रडका चेहरा काहून करून राहिला? थांब नं थोडा वेळ.”

थांबतोय कसला! मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खाली वर्कशॉपात दिली, सायलीला ऑटोत कोंबलं आणि ऑटोतूनच बँडच्या पानावर लिहिलं, ‘आपला बसू आता आपल्यात नाही. त्याच्याशिवाय बँड नाही. सगळ्यांना नमस्कार.’

पहिल्या वाक्याचा खरा अर्थ मला लोकांच्या श्रद्धांजल्या सुरू झाल्यावर कळला. निपाणीहून बसूची मावशी सायलीला फोन करून हमसून हमसून रडली. मी घाईघाईने मजकूर पुसला, पण बसूने तो वाचला होता. त्याच्याकडून एक शब्द आला नाही. मग माझाही अभिमान जागा झाला. म्हटलं, सोडून तो गेला, मी का फोन करू?

खरं सांगतो, फार आठवण यायची त्याची. एवढा वाईट बोलणारा आणि एवढा चांगला मित्र मला दुसरा मिळालेला नाही. त्या भरात मी एक गाणं लिहिलं, ‘येतो म्हणालास, गेलास कुठे?’ एकटाच गिटारवर गायचो, अगदी संथ. आणि नेमकं तेच गाजलं! लोक रुमाल काढायचे.

वर्षभराने इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी तेच गाणं घेतलं. सायली कोणाला तरी घेऊन मागे बसली होती, पण गॉगलमुळे मला मागचं कुठलं दिसायला? मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, “हे गाणं एका मित्रासाठी. तो येतो म्हणाला आणि आलाच नाही.”

मागून आवाज आला, “आल्तो की, अण्णा.”

सगळ्या माना वळल्या. बसू उभा होता.

“तुझं डोकं तापलं होतं म्हणून कॉफी आणायला गेल्तो,” तो म्हणाला. “खालची टपरी बंद, म्हणून बसस्टँडपर्यंत गेलो. तिघांच्या कॉफ्या घेऊन वर आलो, तर दाराला कुलूप.”

मी गॉगल काढला. माईक सुरूच होता. “मग एक फोन नाही करायचास?”

“मी गेलो म्हणून तूच लिहिलंस. गेलेला माणूस फोन कसा करंल?” मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, तू मला काढलंस.”

मी माईकसकट स्टेजवरून उडी मारली आणि त्याच्या गळ्यात पडून रडलो. माईक माझ्या हातातच होता, त्यामुळे ते रडणं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

बँड पुन्हा सुरू झाला. बसूची अट एकच, ते गाणं त्याच्या वेगाने होणार. आता प्रत्येक कार्यक्रमात मी डोळे मिटून, काळीज पिळवटून गातो, ‘येतो म्हणालास, गेलास कुठे?’ तिथे बसू ड्रम थांबवतो, शांतपणे माईककडे वाकतो आणि त्याच्याबरोबर अख्खं सभागृह ओरडतं, “कॉफी आणायला!”

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात दुःखी गाणं आहे हो ते!