काळ्या मांजरासाठी टांगलेलं आमिष

इतकी वर्षं झाली, पण त्या रविवारी दुपारी आलेला फोन अजून माझ्या कानात आहे. मी तेव्हा न्यूझीलंड पोलिसांत सार्जंट होतो. साताऱ्याहून तरुणपणी इकडे आलो, ख्राइस्टचर्चमध्ये शिपाई म्हणून भरती झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं तिथून तासाभरावरच्या, डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान ठाण्यात काढली. ठाण्यात आम्ही तिघे. हरवलेल्या मेंढ्या, दारू पिऊन चालवलेल्या गाड्या, बंदुकीचे परवाने, असलं आमचं काम.

फोनवर एक बाई इंग्रजीत बोलत होत्या. नवरा पहाटे घर सोडून डोंगराकडे फोटो काढायला गेला, अकरापर्यंत येतो म्हणाला होता, आता दोन वाजले. मी नाव लिहून घेतलं. आडनाव ऐकून विचारलं, "तुम्ही मराठी का?"

त्या मराठीतच म्हणाल्या, "हो. काका, तो कधी उशीर करत नाही हो."

नवरा पुण्याचा इंजिनियर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला जी माणसं आली, त्यांतला एक. त्या स्वतः फार्मसिस्ट. मुलगी सात वर्षांची. त्याला जनावरांच्या फोटोंचा नाद होता. जुन्नरच्या उसात बिबट्याच्या मागावर हिंडलेला माणूस तो. न्यूझीलंडमध्ये वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हा किंवा सापसुद्धा नाही. पण आमच्या भागात एक अफवा फार जुनी होती. डोंगरात मोठं काळं मांजर फिरतं म्हणे. कुणी त्याला पँथर म्हणायचं, कुणी सर्कशीतून सुटलेला अमेरिकेतला डोंगरी सिंह. त्या हिवाळ्यात दोन-चार कोकरं फाडलेली सापडली आणि गावात पुन्हा तोच विषय सुरू झाला. इंजिनियरनं ते कुठेतरी वाचलं होतं.

त्याची गाडी खडीच्या रस्त्याच्या टोकाला उभी होती. तिथून ओढ्याकाठानं वीस मिनिटं चालल्यावर, बीच नावाच्या झाडांखाली तो सापडला. एकच गोळी, पाठीतून आरपार. अंगात काळं रेनकोटाचं जाकीट. डोक्यावरच्या फांदीला तारेनं मेंढीची मांडी टांगलेली होती आणि समोरच्या चढावर फांद्या रचून केलेला आडोसा होता. तिथे बसून कुणीतरी या आमिषावर नेम धरत होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

मी कशाला हात लावला नाही. दोरी बांधून जागा बंद केली आणि ख्राइस्टचर्चच्या तपास पथकाची वाट बघत उभा राहिलो. एक गोष्ट मात्र मी डायरीत लगेच लिहिली. मृताला उताणं केलेलं होतं, डोळे मिटवलेले होते आणि चेहऱ्यावर त्याचीच लोकरी टोपी ठेवलेली होती. गोळी मारणारा जवळ आला होता, आणि पळण्याआधी त्यानं एवढं केलं होतं. असा माणूस निर्ढावलेला नसतो. तो घरात बसून जळत असतो.

घरी खबर द्यायला मीच गेलो. दार मुलीनं उघडलं. "आई आहे का गं?" मी विचारलं. तिला कळलं, पण उत्तर इंग्रजीत आलं, "मम इज ऑन द फोन." आई स्वयंपाकघरात नवऱ्याचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. माझा गणवेश बघून त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "मराठीत सांगा काका. इंग्रजीत नको." तीस वर्षांच्या नोकरीत ती बातमी मी मराठीत पहिल्यांदाच दिली. इंग्रजीत अशा वेळी म्हणायची ठरलेली वाक्यं असतात. मराठीत माझ्याकडे एकही नव्हतं.

गोळी आरपार गेलेली, सापडली नाही. परिसरातल्या प्रत्येक परवानाधारकाकडे आम्ही जाऊन आलो. कुणीच त्या सकाळी बाहेर पडलेलं नव्हतं म्हणे. मात्र मृताच्या खिशात एक मेमरी कार्ड मिळालं. त्यानं आठवड्यापूर्वी आमिषाजवळच्या बुंध्याला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता आणि गोळी लागली तेव्हा खाली वाकून त्यातलं कार्ड बदलत होता. कार्डावर झाडांवर राहणारे केसाळ पोसम होते, उंदीर होते आणि एक काळं मांजर होतं. एका फोटोत एक माणूस मांडी टांगत होता, पाठमोरा. चेहरा नाही. अंगात हातानं विणलेला राखाडी स्वेटर, कोपरावर हिरव्या लोकरीनं केलेली डागडुजी.

नवव्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. "किया ओरा, सार्जंट. हे कदाचित काहीच नसेल," माओरी भाषेतला नमस्कार करून पलीकडचा म्हणाला. तो शेतावर जाऊन जनावर कापून देणारा खाटीक होता. "एक म्हातारा दोन महिने दर आठवड्याला माझ्याकडून टाकाऊ मांस न्यायचा. कुत्र्यांसाठी म्हणायचा. ह्या आठवड्यात आलाच नाही. आणि मला आज आठवलं, त्याचा कुत्रा तर मागच्या वर्षीच मेला."

म्हातारा मला माहीत होता. सत्तरी उलटलेला, मेंढ्या विकून टाकलेला, एकटा राहणारा. मी एका डिटेक्टिव्हला घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं दार उघडलं आणि न विचारता चहाचं आधण ठेवलं. मांस कशाला नेत होता, विचारलं तर म्हणाला, "खत करतो." बंदूक कधी चालवली? "गेल्या वर्षी." उत्तरं झटपट येत होती. ज्याला लपवायचं नसतं तो जरा आठवून बोलतो.

खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर होता. मी तो उचलला, कोपर वर केलं. हिरवी लोकर.

"हे कुणी शिवलं?"

"बायकोनं," तो म्हणाला. "राखाडी लोकर संपली होती." आणि मग तो खाली बसला.

डिटेक्टिव्हनं त्याला गप्प राहण्याचा आणि वकील बोलावण्याचा हक्क समजावून सांगितला. वकील आला. कॅमेऱ्यासमोर जबाब सुरू झाला. पण तो काही लपवत नव्हता. उजाडता उजाडता आमिषाखाली काळं, बुटकं काहीतरी हललं. त्यानं गोळी झाडली. बंदुकीच्या परवान्यासाठी जो नियम घोकून घेतात, समोर काय आहे याची पुरती खात्री करा, तो त्याला पन्नास वर्षं पाठ होता. "रोज फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो," तो म्हणाला.

"एवढा अट्टाहास कशासाठी?" मी विचारलं.

"तिनं ते बघितलं होतं. माझ्या बायकोनं. कपडे वाळत घालताना, कुंपणापाशी. मग तिला विसरायला व्हायला लागलं आणि सगळे म्हणाले, तिचं डोकंच फिरलंय, मांजर वगैरे काही नाही. मीसुद्धा म्हणालो. मरेपर्यंत ती सांगत होती. मला ते त्यांच्यासमोर आणून टाकायचं होतं." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "ती तुमच्याकडेही आली होती, सार्जंट. तुम्ही तिला चहा दिलात आणि मला फोन केलात, घेऊन जा म्हणून."

मला आठवलं. निळा कोट घातलेल्या आजी, काउंटरवर दोन्ही हात पसरून जनावराची लांबी दाखवत होत्या. मी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली होती. त्या गेल्यावर सहकाऱ्याशी त्यावर हसलोही होतो.

डिटेक्टिव्हनं कार्डावरचा मांजराचा फोटो टेबलावर सरकवला. वर टांगलेल्या मांडीवरून मापाचा अंदाज येत होता. रानात वाढलेलं, थोराड, पण साधं मांजर. घरातल्यापेक्षा दीडपट असेल. म्हाताऱ्यानं तो जवळ ओढला.

"हेच?" त्यानं विचारलं.

"हेच."

"म्हणजे तिला दिसलं होतं," तो म्हणाला, आणि तोंड झाकून रडायला लागला. "माझ्या हातून हे काय झालं."

त्यानं गुन्हा कबूल केला. निष्काळजीपणे बंदूक चालवून मृत्यूस कारण झाल्याबद्दल न्यायालयानं वय बघून त्याला घरातच स्थानबद्ध केलं. परवाना आणि बंदूक कायमची गेली. निकालाच्या दिवशी इंजिनियरच्या पत्नी न्यायालयात उभ्या राहिल्या. कागदावरून वाचायचं ठरलं होतं, पण तो त्यांनी घडी करून ठेवला. "माझ्या नवऱ्याचे डोळे तुम्ही मिटवलेत, त्याबद्दल मी आभारी आहे," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. "पण तिथून निघून गेलात. तो नऊ तास एकटा होता. ते मला माफ करता येत नाही." म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्याही दृष्टीनं ते बरोबरच होतं.

पुढल्या वर्षी मायलेकी पुण्याला परत गेल्या. म्हातारा शिक्षा संपायच्या आतच वारला. अंत्ययात्रेला आम्ही चौघे होतो, त्यात तो खाटीकही.

या प्रकरणात आरोपी मिळाला, पुरावा मिळाला, कबुली मिळाली. कागदोपत्री ते चोख आहे. माझी चूक कुठल्याच कागदावर नाही. तक्रार करणारं माणूस चक्रम वाटलं की आपण तक्रार ऐकायचं थांबतो आणि माणसाला घरी पोहोचवण्याच्या मागे लागतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुणी काहीही दिसलं म्हणून आलं, तरी मी गाडी काढून बघायला जात असे. बहुतेक वेळा काहीच नसायचं. कधी झाडाचं खोड, कधी सुटलेलं वासरू. तसं सांगून परत यायचो. लोकांना तेवढं पुरायचं.

त्या आजींच्या घराचा रस्ता ठाण्यापासून वीस मिनिटांचा होता. मी गेलो असतो तर कदाचित मला तिथे नुसतंच एक मांजर दिसलं असतं, आणि मी परतताना त्यांच्या नवऱ्याला सांगितलं असतं की बाईंचं बरोबर आहे.