शेजारच्या बाळाचं वजन

मत्सर हा माझा जुना रोग. शाळेत शेजारणीकडे नवी कंपासपेटी दिसली की माझी गणितं चुकायची. पण एखादी बाई दोन वितींच्या तान्ह्या बाळाचाही हेवा करू शकते, हे मला तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात कळलं. ती बाई मीच होते. देव आहे की नाही, असा प्रश्न त्या दिवसांत मला पडला नाही. देव असणारच, याची मला खात्री होती. माझी तक्रार एवढीच होती की त्याचं सगळं लक्ष शेजारच्या पाळण्याकडे होतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यजमान बोईसरला औषधाच्या कारखान्यात पाळीवर जातात, म्हणून आमचं बिऱ्हाड तिथे. लग्नाला सात वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले. सगळं ठीक चाललं होतं आणि आठवा नुकताच लागला असताना एका दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. रक्तदाब इतका चढला होता की बोईसरच्या डॉक्टरबाईंनी हातातला चहासुद्धा पुरता न पिता आम्हांला पालघरला पाठवलं. संध्याकाळी सिझेरियन झालं. मुलगा. वजन एक किलो दोनशे ऐंशी ग्रॅम. रडण्याचा आवाज म्हणाल तर मांजराच्या पिल्लाचासुद्धा त्याहून मोठा असेल. मला तो लांबूनच दाखवला आणि काचेच्या पेटीत नेऊन ठेवला. पेढे वाटायचे की नाही, हे यजमानांना कुणाला विचारावं ते कळेना. शेवटी त्यांनी वाटलेच नाहीत.

बारा दिवसांनी त्याला पेटीतून काढून आयांच्या खोलीत आणलं. या खोलीत बाळ आईजवळ असायचं. छातीशी उघडं धरून, वरून कापड गुंडाळून तासन् तास बसायचं. दूध नळीनं द्यायचं. आणि एक गोष्ट सिस्टरनी पहिल्याच दिवशी आम्हां सगळ्यांना शिकवली. अपुऱ्या दिवसांची बाळं कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात. ओठ काळेनिळे दिसले तर लगेच हाक मारायची आणि तळव्याला टिचकी मारायची. माझा मुलगा पेटीत असताना असा दोनदा विसरला होता. हे ऐकल्यापासून मी त्याच्या छातीवरची नजर काढणार नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं.

पण शेजारी हर्षला होती. बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली, वयानं माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तिची ही दुसरी खेप. तिची मुलगी माझ्या मुलानंतर तीन दिवसांनी जन्मलेली, वजनानं जवळजवळ तेवढीच. तिथेच घात झाला. तिचं बाळ तीन-साडेतीन किलोंचं असतं तर मी तिकडे वळूनही पाहिलं नसतं. बरोबरीच्याशीच माणूस तोलून बघतो.

रोज सकाळी सिस्टर वजनाचा काटा घेऊन यायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगून कागदावर लिहायच्या. हर्षलाच्या मुलीचे वीस ग्रॅम वाढले. माझ्याचे पाच. दुसऱ्या दिवशी तिचे पंचवीस, माझ्याचे दहा कमीच झाले. तिला दूध तर असं की वाटी भरून वर उरायचं. मी पडद्याआड अर्धा तास बसून चमचाभर काढायची. तिची सासू घरून भाकरी आणि मुशी माशाचं कालवण पाठवायची. मुशीनं बाळंतिणीला दूध येतं म्हणे. ऐन श्रावणात डब्याचं झाकण उघडलं की खोलीभर वास. मी मनात म्हणायची, ही श्रावणात मासे खाते आणि देव हिलाच पावतो! आणि मी? मी चोरून उपास धरला होता. सोमवारचा धरला, मग शनिवारचा धरला. माझ्या आईनं माझ्यासाठी असेच केले होते, मग मी माझ्या लेकरासाठी का नाही, असा माझा हिशेब. आलेला डबा कपाटात लपवायची आणि दोन केळी खायची.

सिस्टरनी पकडलंच एकदा. "अगं शहाणे, तू उपास केलास की तुझ्या बाळाचा उपास होतो. देवानं तुला सांगितलं का उपाशी मर म्हणून?" हर्षलाला हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण मला दिसलंच. त्या हसण्याचा राग मी तिच्या मुलीवर काढला. म्हणजे केलं काहीच नाही. नुसतं बघत बसले. हर्षला दूध काढायला शेजारच्या खोलीत गेली की मी त्या मुलीकडे एकटक बघायची. गालावर जरा बाळसं धरलेलं दिसलं की मी मनात तिचे ग्रॅम मोजायची. हे रोज चालायचं, दिवसातून सात-आठ वेळा. एकदा तिचे तीस ग्रॅम उतरले त्या सकाळी मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, त्या दिवशी मी जेवण पोटभर जेवले. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण लिहायचं ठरवलंय तर हेही लिहायला हवं.

मग तो शुक्रवार आला. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा असते. जिवती म्हणजे लेकरांना राखणारी देवी. तिच्या चित्रात तिच्या अंगाखांद्यावर मुलंच मुलं असतात. पूजा झाली की आई मुलांना ओवाळते, आणि मूल लांब असलं तर ते असेल त्या दिशेला अक्षता टाकते. सासूबाईंना आत सोडत नव्हते. त्यांनी घरी पूजा करून अक्षतांची पुडी पाठवली होती. पुडी आणून देताना यजमान म्हणाले, "आईनं सांगितलंय, बाळाच्या डोक्यावर दोन दाणे ठेव." खोलीत असलं काही चालत नव्हतं. मी पुडी गाऊनच्या खिशात ठेवली आणि विसरले.

सकाळचे दहा वाजले असतील. मुलाला नळीनं दूध देऊन मी नुकतंच त्याला पाळण्यात निजवलं होतं. सिस्टर आतल्या खोलीत होत्या. हर्षला दूध काढायला गेली होती. मी सवयीनं पलंगावर त्या बाजूला तोंड करून बसले. माझ्या मुलाकडे माझी पाठ होती. आणि मी काय मागत होते? जिवतीच्या शुक्रवारी, खिशात अक्षता असताना, मी मनात म्हणत होते, उद्या हिचं वजन वाढू नये.

तेवढ्यात दारातून किंकाळी आली. "ताय, तुमचा पोर! पोर बगा!"

मी वळेपर्यंत हर्षला पोचली होती. हातातली दुधाची वाटी तिनं टाकून दिली होती, दूध सगळं फरशीवर. माझ्या मुलाचे ओठ जांभळे पडले होते आणि छाती हलत नव्हती. तिनं त्याचा पाय धरला, तळव्यावर एक टिचकी मारली, दुसरी मारली, पाठ चोळली. मी नुसती उभी. माझे हात उचललेच जात नव्हते. सिस्टर धावत आल्या, तोंडावर छोटा मास्क धरून फुगा दाबला, आणि कितीतरी वेळानं ते मांजराच्या पिल्लाचं रडणं पुन्हा ऐकू आलं. त्याला लगेच आत नेलं. डॉक्टर नंतर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

मी पलंगावर बसले होते. हर्षलानं आधी फरशी पुसली. मग तिनं मला पाणी पाजलं. मी कसंबसं म्हणाले, "तुला दारातून कसं दिसलं गं? मी इथे असून..."

ती म्हणाली, "मी येता-जाता पयली तुमचे पोराकडंच बगते ना."

"का?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "का म्हंजे? तुमी नाय का माजे पोरीला बगत? मी दूध काढाला गेले का तुमी सारा टायम तिचेवर नजर लावून बसता. मी बगलंय. तुमचा पोर इतका नाजूक, तरी तुमी माजे पोरीला राखता. मी सासूला पण बोलले, शेजारची ताय हाय, माजे जिवाला घोर नाय. मंग म्हटलं, तिचा पोर आपुन राखाचा."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिला वाटलं, मी पोराच्या काळजीनं रडते आहे. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचं स्वतःचं पोर भुकेलं होतं. थोड्या वेळानं ती उठली, दुसरी वाटी घेतली आणि पुन्हा दूध काढायला गेली. जाताना म्हणाली, "बगा हां जरा तिचेकडं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या मुलीकडे पाहिलं. म्हणजे राखायला म्हणून पाहिलं. तिच्या उजव्या कानापाशी बारीक लव होती, झोपेत ती खालचा ओठ आत ओढायची. इतके दिवस मी तिचं वजन पाहत होते, मुलगी पाहिलीच नव्हती. मग खिशातली पुडी आठवली. हर्षला परतल्यावर मी खोलीच्या उंबऱ्याबाहेर गेले आणि काचेपलीकडे माझा मुलगा होता त्या दिशेला दोन दाणे टाकले. मग वळून हर्षलाच्या पाळण्याच्या दिशेला दोन टाकले. सिस्टर लगेच ओरडल्या, "ओ, तांदूळ कोण सांडतंय? मुंग्या होतील!" मी खाली बसून एकेक दाणा वेचला आणि पुन्हा पुडीत बांधला.

चार दिवसांनी मुलगा पुन्हा माझ्याजवळ आला. मी उपास सोडला होता, पोटभर जेवत होते, दूधही वाढलं. सिस्टर म्हणाल्या, जेवणामुळे. असेल. दीड महिन्यांनी आम्ही घरी आलो. संकटं तेवढ्यानं संपली नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर लेझर करावं लागलं, आज तीन वर्षांचा असून त्याला जाड भिंगांचा चष्मा आहे. तो काढून तो खेळण्यातल्या ट्रकमध्ये घालतो आणि मग सगळं घर चष्मा शोधतं.

मी चमत्कार झाला असं म्हणत नाही. एका बाईचं लक्ष होतं, एवढंच झालं. पण ते लक्ष माझ्या मुलाकडे कशामुळे वळलं, याचा विचार केला की मला आजही जिवती आठवते. माझ्याजवळ देवीला द्यायला चांगलं काहीच नव्हतं. उपास होता तो हट्टाचा होता. मनात होता तो मत्सर. तिनं तोच घेतला आणि त्याच्यातूनच माझ्या लेकराला राखण उभी केली. आपण शुद्ध होऊन तिच्यापुढे जाऊ म्हणतो, तोवर ती थांबत नाही. जसे असू तसे पदरात घेते. त्यानंतर माझा हेवा नाहीसा झाला असं नाही, पण तो उठला की मी त्याला लपवत नाही. बाई गं, हेही तूच घे, म्हणते.

हर्षलाला मी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. जिवतीची पूजा मात्र मी तिला सांगितली होती, तिच्याकडे ती नव्हती. गेल्या श्रावणात पहिल्या शुक्रवारी तिचा फोन आला. "ताय, मी पण करते आता जिवती. पयली अक्षता बोईसरकडं टाकते, तुमचे पोराला. मंग माजे पोरीला." मी बरं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी मात्र दरवर्षी आधी माझ्या मुलाला ओवाळत होते आणि उरलेल्या अक्षता दांडीकडे टाकत होते. उरलेल्या.

त्या दिवशी निरांजन लावून मी बाल्कनीत गेले. मुलगा चष्मा सावरत मागे आला, त्याला ओवाळून घ्यायची घाई. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, आधी आपल्या लेकराला." मी म्हटलं, "त्याला टाकल्या आहेत, आई. दांडीहून." आणि समुद्राच्या बाजूला हात करून मी पहिली मूठ सोडली.