उजवीकडचा मसुदा

'सावली' या धड्याचा कोणता मसुदा विलासने पसंत केला होता, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. विलास जानेफळला विज्ञान शिकवीत असे, मी मेहकरला मराठी. पाचवीच्या मुलांसाठी आम्ही दोघे मिळून एक पुस्तक लिहीत होतो. 'सावली' हा त्यातला शेवटचा धडा. विलासला जाऊन आता महिना उलटला.

लिहिण्यासाठी तो एक जुना, आपल्या सोयीने हवा तसा घडवता येणारा प्रोग्रॅम वापरी. त्यात पडद्यावरची बाहेरची चौकट म्हणजे फ्रेम, आणि तिच्या आत पाडलेले प्रत्येक दालन म्हणजे विंडो. दालन मिटले तरी आतला मजकूर जात नाही, हे त्याने मला कितीदा तरी समजावले असेल. मी मात्र छापील कागद सतरंजीवर मांडून बसायचो. "अबे मास्तर, तू सतरंजीवर पसरवतं, मी चौकटीत पसरवतो," तो म्हणायचा. "फरक एवढाच का माह्या कागदावर मांजर बसत नाही!"

त्याची एक रीत होती. प्रत्येक धड्याचे दोन मसुदे तो शेजारी शेजारी उघडी. नाकारलेला डावीकडे, पसंत पडलेला उजवीकडे. फाइलीत खूण नाही, शेरा नाही. निवड राहायची ती फक्त दालनांच्या जागेत.

'सावली'वरून आमचे बरेच वाजले. एका मसुद्यात आरंभी व्याख्या होती. दुसऱ्यात दुपारच्या अंगणात स्वतःचीच सावली शोधणारी मुलगी. अखेर एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "ठरलं बे मास्तर. उजवीकडं लावला. सकायी ये, पाह्य, अन् मंग भांड माह्यासंगं."

सकाळी गेलो तो बातमी ऐकून... झोपेतच हृदय थांबले होते. खोलीत माणसे दाटली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक चालूच होता. पडदा काळा, खालचा बारीक दिवा तेवढा जळत होता. एक कळ दाबली असती तर उत्तर दिसले असते. त्या घडीला ते सुचणे शक्य नव्हते.

आम्ही स्मशानातून परतण्यापूर्वीच वीज गेली आणि संगणक बंद पडला.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी, विलासच्या पत्नीने, आपल्या हातांनी संगणक सुरू केला. दोन्ही मसुदे जागेवर होते, दोन्ही त्याच संध्याकाळी जतन केलेले. समोर मात्र एकच मोकळे, अखंड दालन.

"आहे ना सगळं, भाऊजी?"

"आहे, वहिनी."

"मंग तोंड काऊन उतरलं तुमचं?"

मी त्यांना सारे सांगितले. त्यांनी पडद्याकडे पाहिले. "आता कोनाले इचारता..." एवढेच म्हणाल्या.

दालनांची मांडणी जतन करण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये असते. विलासने ती सुरू केली नव्हती. रोज सकाळी आपणच पुन्हा मांडू, असे त्याने गृहीत धरले असावे. मी दोन्ही मसुदे डावीउजवीकडे लावून पाहिले, अदलाबदल करूनही पाहिले. दोन्ही वेळा ते खरे वाटले, म्हणजे एकदाही नाही. पुस्तक तिथेच थांबले आहे. माझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

वाचकांना विनंती, हे माझ्या शब्दावर मानू नका. आपल्या संगणकावर असा प्रोग्रॅम असेल, तर चौकटीत दोन दालने पाडा, दोन मजकूर लावा, दोन्ही जतन करा आणि वीज तोडा. मग पुन्हा सुरू करून काय कुठे उरते, ते स्वतः पाहा.