डोक्याचा फोटो काढायला आलेली माणसं

लोक दाराशी चपला काढतात, आत जातात, जाताना चपला आठवणीनं घालून जातात. किस्से मात्र तिथंच टाकून जातात. ते गोळा करायचे कुणी? मीच!

गंगापूर रोडला एका एमआरआय सेंटरच्या दाराशी मी बसतो. शाळा चौथीपर्यंत, पुढे गुरुजींनाच मी नको झालो. आधी माझा भाजीचा मळा होता, तिथं आता बिल्डिंग आहे. माझं काम एकच. मशीनकडं जाणाऱ्याच्या अंगावर लोखंड राहू द्यायचं नाही, कारण आत गोठ्याएवढं लोहचुंबक बसवलंय. सगळे मला मामा म्हणतात. मी कुणाचाही मामा नाही.

*

घोटीचा एक भातवाला आला. डोकं दुखतं म्हणून फोटो काढायचा होता.

"अंगावर काही धातूचं आहे का?"

"नाय."

"नीट बघा."

"नाय म्हनलं ना एकदा!"

मी सदरा वर करायला लावला. कमरेला करदोडा, आणि त्याला घराची किल्ली, गोदामाची किल्ली, मोटारसायकलची किल्ली, कानकोरणं आणि काटा काढायचा चिमटा! माणूस होता की हार्डवेअरचं दुकान?

"मग हे काय आहे?"

"हे व्हय? हे धातूचं कुठं, हे तर रोजचंच हाय!"

*

सटाण्याकडचे एक आबा बायकोला घेऊन आले. तिला आम्ही मावशी म्हणू लागलो. मावशी अलीकडे फार विसरायची. दूध गॅसवर ठेवायची आणि निघून जायची मळ्यात. त्यांचा मुलगा इथं नाशकात नोकरीला. त्यानं सांगून टाकलं होतं, रिपोर्ट खराब आला तर आई माझ्या फ्लॅटवर राहील. आबा मळ्यातला कांदा आणि तो साठवायची चाळ सोडून फ्लॅटवर येणार नव्हते. म्हणजे म्हातारपणी दोघं दोन गावांना!

बाकावर बसल्या बसल्या मावशीकडं बघत आबा माझ्या कानाशी लागले, "मामा, हाई पास व्हवाले पाहिजे."

फोटोच्या आधी आमच्या डॉक्टर मॅडम डोक्याची तोंडी परीक्षा घेतात. मी व्हीलचेअर घेऊन दारात उभा होतो.

"मावशी, आज वार कोणता?"

मागून आबा हळूच, "बुधवार."

"आबा, तुम्ही नका सांगू. मावशी, आपण कुठल्या गावाला आहोत?"

आबा खोकले. खोकल्यात स्पष्ट "नाशिक" ऐकू आलं.

मॅडमनी त्यांना बाहेर काढलं. तर हा माणूस काचेला नाक लावून बोटांनी तारखेचे आकडे दाखवायला लागला! मी दंडाला धरून ओढलं, तरी हटेना.

मावशीनं काचेकडं बघितलं, मग मॅडमकडं. म्हणाली, "बाई, दारना बाहेर तो म्हतारा कव्हाना खुना करी ऱ्हायना. आधी त्याले तपासा!"

*

मशीन आतून भयंकर ठोके मारतं. धडधाकट माणूस घाबरून बाहेर येतो. आमचा टेक्निशियन सागर प्रत्येकाला समजावतो, घाबरू नका, हलू नका.

एका आजोबांना आत सरकवलं आणि फोटो सगळे हललेले येऊ लागले. सागरनं बाहेर काढून बघितलं तर आजोबा घोरत होते. घोरण्यानं डोकं हलत होतं!

"आजोबा, झोपू नका ना!"

"अरे बाबा, घरी नातवंडांचा नुसता बाजार हाय. इतकी शांत झोप लय दिवसांनी लागली. अजून एक-दोन फोटो काढ की!"

*

शेजारच्या खोलीत डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढतात. फिट येणाऱ्या माणसांचा. त्यासाठी डोक्याला तेल नको, हे फोनवर सांगतात, कागदावर लिहून देतात.

एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीच्या केसांतून तेल कानामागं ओघळत होतं. सागर तडकला, "तेल लावू नका सांगितलं होतं ना?"

बाई म्हणाली, "एवढ्या मोठ्या डॉक्टरकडं पोरीला कोरड्या डोक्यानं आणू? आईबाप नाहीत का तिला?"

सागर तिच्यावर चिडला म्हणून मी सागरवर चिडलो. वायर चिकटत नसेल तर तो वायरीचा दोष! शेवटी शाम्पू आणून पोरीचं डोकं बेसिनला धुतलं, आलेख निघाला. जाताना बाईनं पायरीवर बसून पिशवीतून बाटली काढली आणि पुन्हा चपचपीत तेल!

"आता कशाला?" मी विचारलं.

"आता गावातून चालत जायचंय ना!"

*

मावशीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मुलगाही आला होता. मॅडमनी पडद्यावर फोटो लावला. म्हणाल्या, "मेंदू आकसलाय. हे वयाचं विसरणं नाही, आजार आहे. गोळ्यांनी थोडा आधार मिळेल. गेलेलं परत येणार नाही."

 आबा पडद्याजवळ गेले.

"बारका व्हयना का?"

"हो, आबा."

"बारका कांदा चाळमा जास्ती टिकस, डॉक्टर."

मॅडम पडद्याकडं तोंड करून उगाच माऊस हलवत बसल्या.

मुलगा म्हणाला, "आबा, बोलून भागत नाही. गॅस उघडा राहिला तर? आई माझ्याकडे येईल."

मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. तीच बोलली, "मी येसू. पन ह्याले भाकर थापता येत नही. हाऊ काय खाई?"

"मी शिकस!" आबा म्हणाले. "गॅसना जवळ मीच बसस. तू नुसती सांग."

मुलानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "ओळखीचं घर, ओळखीचं काम सुटलं नाही तर चांगलंच. पण गॅसजवळ त्यांना एकटं सोडायचं नाही."

मुलगा मग म्हणाला, "दर शनिवारी येऊन बघीन, आबा. गॅस एकदा जरी उघडा दिसला, तर त्याच दिवशी आईला घेऊन जाईन."

आबांनी मान हलवली. तोवर मावशीनं त्यांचे दोन्ही हात मॅडमच्या टेबलावर ओढून घेतले होते. पीठ नाही, परात नाही. आबा टेबलावर थापायला लागले. थाप, थाप, थाप! पुढचा पेशंट दारातून आत डोकावत होता, फाईल छातीशी धरून.

"आशी नही!" मावशीनं आबांच्या मनगटावर चापट मारली. "बोटे सैल ठेव! फाडी टाकी ना आख्खी भाकर!"