देवाच्या कामाचे पैसे

नवऱ्याला हे ठाऊक नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं तिला तर मुळीच नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं. पण परवा एका महिला मंडळाने मला बोलावलं – ‘छंदातून व्यवसाय’ यावर चार शब्द बोला म्हणे. शाल दिली, नारळ दिला. आणि मी बोलले! आवडीचं एकच काम धरा, मनाचा कौल घ्या... स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. कसला कौल? मी कुठे काय निवडलं होतं?

निवडायचं होतं सुजाताला. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन रत्नागिरीत आलो, भिंतीला भिंत लागून घरं. तिच्या हातात काय नव्हतं! क्रोशाचं विणायची, केक करायची, मेंदी काढायची. आणि गौर नेसवायची. तेरड्याच्या जुडीला मुखवटा बांधलेला, त्याला नऊवारी नेसवणं म्हणजे गंमत आहे का? पदर घसरतो, निऱ्या फुगतात. सुजाताने नेसवली की वाटायचं, माहेरवाशीण आत्ता पाट सोडून स्वयंपाकघरात जाईल. मला तिनेच शिकवलं, टाचण्या कुठे लपवायच्या इथपासून.

मग तिच्या नवऱ्याची मुंबईची नोकरी गेली. मुलं शिकत होती. एका दुपारी ती माझ्या पडवीत येऊन बसली. “सांग गो, यातलं काय धरू? एकाचे तरी पैसे व्हायला हवेत.” तिचा ओढा गौरींकडे होता. चार दिवसांसाठी गावी येणाऱ्या मुंबईच्या बायकांनी तिला विचारलंही होतं – आम्हाला जमत नाही, पैसे घे पण तू ये. पुढे नवऱ्या मुली, डोहाळजेवणं... ती बोलत होती आणि मला सगळं दिसत होतं. मला आधी सुचलं होतं का? नाही! तिच्या तोंडून ऐकलं तेव्हाच सुचलं.

मी म्हटलं, “गौरीचे पैसे घेशील? देवाचं काम ते. लोक तोंडात शेण घालतील.” केक कर म्हटलं, केकला मरण नाही.

गल्लोगल्ली बायका केक करत होत्या, हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. तिने हप्त्यांवर ओव्हन घेतला आणि दुसऱ्या वर्षी तो विकला. आता हातखंब्याला एका दुकानात दिवसभर उभी असते, संध्याकाळी पाय सुजवून घरी येते. आणि पडवीतल्या त्या दुपारनंतरच्या पहिल्याच भाद्रपदात गौरींची कामं घेतली – मी. कोणी शेण घातलं नाही. देवही कोपला नाही. चीड येते ती याचीच! सगळं सोवळं तिच्यासाठी, आणि मला शाल-नारळ?

तू कसे घेतेस गौरीचे पैसे, तिने विचारलं होतं एकदा, अगदी सरळ मनाने. मी म्हटलं, मी सामानाचे घेते गो, हाताचे नाही. पटलं तिला. इतकं पटलं की गौरींच्या गर्दीत रजा टाकून ती माझ्या मदतीला येऊ लागली – फुकट. आणि मी येऊ दिलं. एक नाही, दोन नाही, दरवर्षी.

पण सांगायचं आहे ते याच्याही पुढचं. ते सांगायला जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षी पूर्णगडला एका घरी गेलो होतो. गौर सुजातानेच नेसवली, मी नुसते दागिने हातात देत होते. घरच्या बाई हरखल्या. त्यांनी पाकीट आणलं ते माझ्याकडे नाही, तिच्यापुढे धरलं. आणि सुजाताचा हात पुढे झाला. खरंच झाला – मी पाहिला ना! त्या हातात पाकीट पडू दिलं असतं तर माझं काय गेलं असतं?

“ती नाही हो घेत,” मी म्हटलं. “देवाचं काम म्हणून येते.”

तिने हात मागे घेतला आणि उगाच पदर सारखा केला. पाकीट मी घेतलं.

परतताना रिक्षात ती माझ्या शेजारी बसली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “बरं झालं गो तू बोललीस. मला मोह झाला होता.”

मी ‘हं’ म्हटलं.